बँकरवर लावू की प्लेअरवर?

वाचकाचं पत्र:

ताई, मी इचलकरंजीत एका सूत व्यापाऱ्याकडे हिशेब लिहितो. वय 36. घरी बायको आणि एक मुलगी. मार्चमध्ये आम्ही सहा मित्र गोव्याला गेलो होतो. मांडवीतल्या एका कॅसिनोत पहिल्या रात्री बॅकरॅट या पत्त्यांच्या खेळावर 22 हजार जिंकलो. खेळ काही कळला नव्हता, डीलर मनाला येईल तेव्हा पान काढत होती, मी मित्र सांगेल तिथे चिप ठेवत होतो. दुसऱ्या रात्री पुन्हा गेलो. बोर्डावर बँकर लागोपाठ आलेला दिसला, म्हणून प्लेअरवर 500 लावले. हरलो की दुप्पट करत गेलो. सात डाव लागोपाठ गेले, 63,500 रुपये. आठव्याला 64 हजार लावणार होतो, पण त्या टेबलाची 50 हजारांची कमाल मर्यादा आड आली. गेलेल्या पैशांतले 40 हजार क्रेडिट कार्डावरून काढलेले. घरी सांगितलेलं नाही. डिसेंबरमध्ये मित्र परत निघालेत. हा खेळ नक्की कसा खेळतात, कशावर लावावं, आणि गेलेले भरून काढायची काही पक्की पद्धत आहे का? टेलिग्रामवर एक जण रोजचे ‘सिग्नल’ देतो, ते घ्यावेत का?

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही चार गोष्टी विचारल्यात. तिसरीचं उत्तर आधी देते, कारण ते मिळाल्याशिवाय बाकीचं तुम्ही नीट ऐकणार नाही. गेलेले भरून काढायची पद्धत नाही. ती मला माहीत आहे आणि मी सांगत नाही, असंही नाही. सावंतवाडीहून पणजीला जाऊन मी नऊ वर्षं मांडवीतल्या एका बोटीवर पत्ते वाटले, त्यातली सहा वर्षं बॅकरॅटच्या टेबलावर. माझ्यासमोर हजारो माणसं बसली. वही घेऊन आलेली, मोबाइलमध्ये तक्ते भरणारी, घरून अंगारा लावून आलेली. जिंकून उठलेली माणसं मी खूप पाहिली. पद्धतीने जिंकत राहिलेला एकही पाहिला नाही.

आता खेळ शिकवते. मनापासून शिकवते, कारण तुमचं नुकसान झालं त्यात निम्मा वाटा खेळ न कळण्याचा होता.

पत्त्यांचे आठ कॅट एकत्र पिसून एका लांबट डब्यात भरतात, त्याला शू म्हणतात. एकूण 416 पानं. जागा दोन, प्लेअर आणि बँकर. इथेच बहुतेक नवख्यांचा गोंधळ होतो. प्लेअर म्हणजे तुम्ही नव्हे आणि बँकर म्हणजे कॅसिनो नव्हे. ती नुसती दोन बाजूंची नावं आहेत. दोन बैल शर्यतीला उभे आहेत, त्यातल्या कुठल्याही एकावर तुम्ही पैसे लावा, असं समजा. दोन्ही बाजू सारख्या आल्या तर टाय. त्यावरही पैसे लावता येतात.

एक्क्याचा एक. दुर्रीपासून नव्वीपर्यंत जेवढ्यास तेवढे. दश्शी, गुलाम, राणी, राजा यांची किंमत शून्य. बेरीज दहा किंवा त्याहून जास्त झाली की दशक सोडून द्यायचं, फक्त एकक धरायचा. सत्ती आणि छक्की मिळून 13, म्हणजे 3. दोन्ही बाजूंना दोन-दोन पानं येतात आणि जिची बेरीज 9 च्या जवळ, ती बाजू जिंकते. पहिल्या दोन पानांतच कुणाला 8 किंवा 9 आले तर त्याला नॅचरल म्हणतात. डाव तिथेच संपला.

नॅचरल नसेल तर तिसऱ्या पानाचा प्रश्न येतो. तुम्ही लिहिलंय की ‘डीलर मनाला येईल तेव्हा पान काढत होती’. नाही हो. मी नऊ वर्षांत एकही पान मनाने काढलं नाही. नियम ठरलेले आहेत आणि ते डीलरलाही मोडता येत नाहीत. प्लेअरकडे 0 ते 5 असतील तर तिसरं पान घ्यायचंच, 6 किंवा 7 असतील तर थांबायचंच. प्लेअर थांबला असेल तर बँकरलाही हाच नियम. प्लेअरने पान घेतलं असेल तर बँकरचा निर्णय त्या पानावर ठरतो. बँकरकडे 0, 1, 2 असतील तर तो पान घेतोच. 3 असतील तर घेतो, फक्त प्लेअरचं तिसरं पान अठ्ठी असेल तर नाही. 4 असतील तर प्लेअरला दुर्री ते सत्ती आली असेल तरच घेतो. 5 असतील तर चौकी ते सत्तीवर. 6 असतील तर फक्त छक्की किंवा सत्तीवर. 7 ला थांबतो.

हे पाठ करायची गरज नाही, टेबलावर तुम्हाला काहीच ठरवायचं नसतं. पण एकदा समजून घ्या. एक डाव मांडून दाखवते. प्लेअरला राजा आणि पंजी, म्हणजे 5. बँकरला सत्ती आणि छक्की, म्हणजे 3. प्लेअरने तिसरं पान घेतलं, आली नव्वी. 5 आणि 9 चौदा, म्हणजे 4. बँकरकडे 3, समोर नव्वी, म्हणून बँकर पान घेतो. आली दुर्री, झाले 5. बँकर 5, प्लेअर 4. बँकर जिंकला.

आता त्याच डावात नव्वीच्या जागी अठ्ठी आली असती तर? बँकर 3 वरच थांबला असता. का, ते मला माझ्या प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं. मी घरी कागदावर मांडून शोधलं आणि त्या दिवशी मला हा खेळ कळला. प्लेअरने पान घेतलं म्हणजे त्याच्याकडे आधी 0 ते 5 होते. त्यात 8 मिळवा. 0 चे 8 होतात, 1 चे 9. पण 2 चे 0, 3 चे 1, 4 चे 2, 5 चे 3. सहा शक्यतांपैकी तीनमध्ये 3 वर थांबलेला बँकर जिंकतो, एकीत बरोबरी होते, दोनच ठिकाणी हरतो. मग कशाला पान घ्यायचं? बँकर नेहमी समोरच्याचं पान बघून मग चालतो. त्याची सगळी सरशी एवढ्यातच आहे.

ती सरशी किती? आठ कॅटच्या शूमध्ये 100 डावांपैकी सरासरी 45.86 बँकरचे, 44.62 प्लेअरचे आणि 9.52 टायचे. फरक सव्वा टक्क्याचा. प्लेअर जिंकला तर 1,000 ला 1,000 मिळतात. बँकर जिंकला तर 1,000 ला 950, कारण जिंकलेल्या रकमेवर 5 टक्के कमिशन कापतात. तुम्ही सूतबाजारातले आहात, दलाली कशी असते ते तुम्हाला मी काय सांगणार. कमिशन नसतं तर बँकरवर लावणाऱ्याचाच फायदा झाला असता. 5 टक्के कापले की पारडं फिरतं आणि बँकरवर लावलेल्या दर 100 रुपयांत सरासरी 1 रुपया 6 पैसे कॅसिनोचे होतात. प्लेअरवर 1 रुपया 24 पैसे. टायवर 14 रुपये 36 पैसे.

हा शेवटचा आकडा पुन्हा वाचा. टाय आला तर एकाला आठ मिळतात म्हणून लोक बाजूला एक छोटी चिप ठेवत जातात, ‘असू दे, शंभरच तर आहेत’ म्हणत. भरलेल्या टेबलावर तासाला साठेक डाव होतात. प्रत्येक डावाला बँकरवर 1,000 लावणाऱ्याचा तासाचा सरासरी खर्च 636 रुपये. प्रत्येक डावाला टायवर फक्त 100 लावणाऱ्याचा 862. शंभराची चिप हजाराच्या चिपेपेक्षा महाग पडते. ‘पेअर’ नावाची चौकट असते, पहिली दोन पानं जोडी आली तर एकाला 11. तिथेही 100 ला दहाच्या वर जातात. टेबलावरच्या सगळ्या छोट्या, रंगीत, आकर्षक चौकटींना हात लावू नका.

म्हणजे ‘कशावर लावावं’ याचं उत्तर झालं. बँकरवर. एक अपवाद आहे आणि तो गोव्यात भेटू शकतो म्हणून सांगते. काही टेबलांवर ‘नो कमिशन’ लिहिलेलं असतं. ऐकायला छान. पण तिथे बँकर 6 वर जिंकला तर निम्मेच पैसे मिळतात, आणि असं 100 डावांत पाच-सहा वेळा होतं. हिशेब केला तर त्या टेबलावर बँकरचा खर्च 100 ला 1 रुपया 46 पैसे होतो. प्लेअरचा तिथेही 1 रुपया 24 पैसेच. तेव्हा बिनकमिशनच्या टेबलावर प्लेअर स्वस्त. बसण्याआधी डीलरला विचारा, ‘सहावर किती देता?’ ती सांगेल. सांगणं तिचं कामच आहे.

आता तुमचे ते सात डाव.

बोर्डावर तांबडे आणि निळे गोल असतात, तांबडा बँकरचा, निळा प्लेअरचा. कॅसिनो तो बोर्ड फुकट दाखवतो, तक्ता भरायला कागद आणि पेनसुद्धा देतो. ज्याने खेळणाऱ्याचा फायदा होईल अशी वस्तू कुणी फुकट वाटेल का? तुम्ही तांबड्या गोलांची रांग पाहिलीत आणि म्हणालात, आता निळा यायलाच हवा. शेजारच्या खुर्चीवरचा माणूस तीच रांग बघून म्हणत असतो, बँकर चालू आहे, बँकरवरच लावू. दोघांनाही खात्री असते. शूमधल्या पानांना मागचे गोल ठाऊक नसतात. निघून गेलेल्या पानांमुळे उरलेल्यांत फरक पडतो खरा, पण तो इतका बारीक की त्यावर पैसा होत नाही. पत्ते मोजून ब्लॅकजॅक या दुसऱ्या खेळात कॅसिनोला हरवता येतं हे 1960 च्या दशकात ज्या गणितज्ञाने दाखवलं, त्या एडवर्ड थॉर्पने विल्यम वॉल्डनबरोबर बॅकरॅटचंही गणित तपासलं होतं. बँकर-प्लेअरच्या मुख्य बाजीवर मोजणीने हाती काही लागत नाही, हेच निघालं.

टाय वगळले तर प्रत्येक डावाला बँकर येण्याची शक्यता 50.68 टक्के. सात वेळा लागोपाठ यायची शक्यता 0.86 टक्के, म्हणजे 116 मध्ये एकदा. ऐकून वाटतं, किती दुर्मीळ. पण एका शूमध्ये 70 ते 80 डाव होतात आणि रांग कुठूनही सुरू होऊ शकते. म्हणून साधारण दर चार शूंपैकी एकात बँकरची सात किंवा त्याहून लांब रांग सापडतेच. मी पाळीला बसले की रात्रीतून एखादी तरी दिसायची. तुमच्यावर काही विशेष संकट कोसळलं नव्हतं. ती कॅसिनोतली रोजची रात्र होती.

आणि दुप्पट करण्याचा सौदा काय होता, तो नीट बघा. 500, 1,000, 2,000, 4,000, 8,000, 16,000, 32,000. सातव्या डावाला तुम्ही 32 हजार लावलेत. तो डाव जिंकला असतात तर एकूण फायदा किती? 500 रुपये. पाचशे रुपयांसाठी तुम्ही साडेत्रेसष्ट हजार टेबलावर ठेवले होते. तुमच्या शेठजींनी असा सौदा केला असता तर तुम्ही वही बंद करून त्यांना अडवलं असतं, याची मला खात्री आहे. 50 हजारांची मर्यादा ‘आड आली’ असं तुम्ही लिहिलंय. ती मर्यादा नसती तर आठव्या डावाला 64 हजार तुम्ही आणखी कुठल्या कार्डावरून काढले असतेत?

इतर पद्धतीही लोक विचारतात. कुणी जिंकल्यावर वाढवतो, कुणी 1-3-2-6 च्या क्रमाने लावतो. त्यांनी हरण्या-जिंकण्याचा आकार बदलतो, कधी थोडं-थोडं वरचेवर तर कधी एकदम, पण 1 रुपया 6 पैसे आहे तिथेच राहतात. बॅकरॅटवर खरोखर वरचढ ठरलेला एक माणूस जगाला माहीत आहे, अमेरिकेचा पोकर खेळाडू फिल आयव्ही. 2012 मध्ये लंडनच्या क्रॉकफर्ड्स कॅसिनोत त्याने 77 लाख पौंड जिंकले. त्याने पैसे लावायची कुठलीच पद्धत वापरली नव्हती. पत्त्यांच्या पाठीवरची नक्षी दोन्ही कडांना किंचित वेगळी छापलेली होती, ती त्याच्या जोडीदारणीला ओळखता येत होती. मोठी पानं एका बाजूने फिरवून ठेवायला त्यांनी डीलरला राजी केलं. कॅसिनोने पैसे दिले नाहीत. प्रकरण ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 2017 मध्ये आयव्ही हरला.

एक गोष्ट मात्र टेबलावरची, तुम्ही पाहिली असेल. काही टेबलांवर सगळ्यांत मोठी रक्कम लावणाऱ्याला पानं हातात देतात. तो पान पालथं ठेवून लांब कडेने हळूहळू उचलतो. कडेला दोन ठिपके दिसले तर चौकी किंवा पंजी. तीन दिसले तर छक्की, सत्ती, अठ्ठी. चार दिसले तर नव्वी किंवा दश्शी. तीन ठिपके दिसले आणि त्याला सत्ती नको, छक्की हवी असेल, तर तो मधला ठिपका उडून जावा म्हणून पानावर फुंकर मारतो. अख्खं टेबल श्वास रोखून त्याच्याबरोबर फुंकर मारतं. मी समोर हात टेबलावर ठेवून उभी असायचे आणि मला दर वेळी पोटात कालवायचं, कारण ते पान दहा मिनिटांपूर्वी शूमध्ये भरताना जे होतं तेच होतं. त्या फुंकरीत माणसाचं सगळं बळ एकवटलेलं असतं. त्या क्षणाची चटक लागते, पैशांची नंतर. तुम्हालाही पहिल्या रात्रीच्या 22 हजारांपेक्षा तो क्षण जास्त आठवत असेल. खरं सांगा.

आता बोटीवर चढण्याआधीचा हिशेब, जो तुमच्या पत्रात कुठेच नाही. प्रवेशाचे पैसे भरता त्यात जेवण, दारू आणि काही चिपा येतात. त्या चिपा बहुधा एकदाच खेळायच्या असतात, खिडकीवर परत देऊन पैसे मिळत नाहीत. दुसरं, कॅसिनोवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के झाला आहे आणि तो चिपांसाठी दिलेल्या रकमेवर लागतो. खिडकीवर एकच प्रश्न विचारा, 10 हजार दिले तर हातात किती रुपयांच्या चिपा येतील? कर त्यातूनच कापत असतील तर 2,857 रुपये पहिलं पान पडायच्या आधी गेले. बँकरवर तेवढा खर्च यायला 1,000 चे 270 डाव खेळावे लागतात. तिसरं, जिंकलेल्या पैशांवर 30 टक्के आयकर आणि वर सेस, आणि त्यातून हरलेले पैसे वजा करता येत नाहीत. तुमचे पहिल्या रात्रीचे 22 हजार हे कायद्याने करपात्र उत्पन्न आहे, दुसऱ्या रात्री काहीही झालेलं असो.

दारूचं एका वाक्यात सांगते. टेबलावर बसला असाल तोवर पिऊ नका, फुकट असली तरी.

टेलिग्रामच्या सिग्नलवाल्याला आजच ब्लॉक करा. मागच्या डावांवरून पुढचा डाव कळत नाही हे वर सांगितलं, तेव्हा सिग्नल कशाचा देणार? यांची एक जुनी रीत आहे. हजार जणांपैकी निम्म्यांना ‘बँकर’ सांगायचं, निम्म्यांना ‘प्लेअर’. ज्यांचं बरोबर आलं त्यांना पुढचा सिग्नल. पाच वेळा बरोबर आलेले तीसेक जण उरतात आणि त्यांना तो देव वाटू लागतो. मग पैसे मागायचे. शिवाय ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी आणली आहे. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही, पण अशा ॲपवर तुमचे पैसे अडकले तर दाद कुणाकडे मागणार? आधीच काही भरले असतील तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार नोंदवा. आपल्या महाराष्ट्रात तर कॅसिनोच नाही. 1976 मध्ये त्यासाठी एक कायदा झाला होता, तो कधी अमलात आला नाही आणि 2023 मध्ये रद्दच केला.

खेळ आवडला असेल तर तो घरी खेळा. दोन कॅट घ्या, वाटीभर चिंचोके घ्या. बायकोला बँकर करा, मुलीला पानं वाटू द्या. बेरीज करून दशक सोडायचं तिला दहा मिनिटांत जमेल. आणि एका रविवारी बसून तुमची दुप्पट करायची पद्धत 200 चिंचोक्यांवर चालवून बघा. एकापासून सुरुवात करा. सात हार लागोपाठ आली की 127 चिंचोके गेलेले असतील, आठव्याला 128 लागतील आणि वाटीत 73 उरलेले असतील. हे एकदा हाताने करून पाहा, माझ्या दहा परिच्छेदांपेक्षा त्याने जास्त कळेल.

डिसेंबरचं काय? कार्डाचे पैसे फिटेपर्यंत तुम्ही त्या बोटीवर चढू नये असं माझं स्पष्ट मत आहे. कार्डावरून रोख काढली की व्याज त्याच दिवसापासून चालू होतं, आणि बहुतेक कार्डांवर ते महिन्याला तीन टक्क्यांच्या वर असतं. ते 40 हजार आधी संपवा. शेठजींकडून पगारातून उचल घ्या, पतसंस्थेचं कर्ज घ्या, काहीही कार्डापेक्षा स्वस्त पडेल. मित्रांबरोबर गोव्याला जरूर जा. ते बोटीवर जातील त्या रात्री पणजीत मासे खा आणि लवकर झोपा.

पुढे कधी, कर्ज फिटल्यावर, घरच्यांना सांगून गेलात, तर असं करा. गेले तरी चालतील इतकेच पैसे रोख घ्या, समजा 20 हजार. कार्डं हॉटेलच्या तिजोरीत ठेवा. खिडकीवर कर कापला तर हातात येतील तेवढ्याच चिपा, त्यांचे चाळीस भाग करा आणि एका डावाला एकच भाग लावा. आधी टेबलाची किमान बाजी विचारा. ती तुमच्या एका भागापेक्षा मोठी असेल तर ते टेबल तुमचं नव्हे. रात्रभर रक्कम वाढवायची नाही, हरताना नाही आणि जिंकतानाही नाही. दोन तासांचा गजर लावा. गजर वाजला की चालू डाव संपवून उठायचं. इतकं पाळलं तर बॅकरॅट हा कॅसिनोतल्या स्वस्त खेळांपैकी एक आहे, स्लॉट मशिनपेक्षा तर कितीतरी बरा. पण ‘भरून काढायला’ आलेला माणूस हे पाळू शकत नाही. माझ्यासमोर बसलेल्या माणसांत तो मला पहिल्या दोन चिपांत ओळखू यायचा. तो चिप ठेवत नसे, ढकलत असे.

तुमच्या मनात ते सात डाव अजून फिरत असतील, झोप लागत नसेल, पुन्हा कुठून तरी पैसे उचलून जावंसं वाटत असेल, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 या नंबरवर फोन करा. सरकारी आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. आमच्या बोटीवरच्या दोन डीलर मुलांनाही हीच सवय लागली होती, पगाराच्या पैशांनी दुसरीकडे जाऊन खेळायची. हिशेब येणाऱ्या माणसाला ती लागत नाही असं समजू नका.

आणि बायकोला सांगा. या आठवड्यात, मुलगी झोपल्यावर, कार्डाचं स्टेटमेंट समोर ठेवून. ती आधी चिडेल, मग गप्प होईल, आणि त्यानंतर कदाचित तुम्हाला सुचली नसेल अशी फेडायची वाट काढेल. आकडा सांगताना वजाबाकी करून 41,500 सांगू नका. 63,500 गेले ते वेगळे सांगा, 22,000 आले ते वेगळे. जमा आणि नावे वेगळी मांडायची असतात, ते तुम्ही रोज करताच.